आभासी डिस्क : प्रतिमा, थर आणि राखीव प्रत

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका ग्रंथालयाने आपल्या चाळीस हजार ग्रंथांची सूची संगणकावर ठेवली आहे. ज्या संगणकावर ही सूची चालते तो मात्र बोट दाखवून ‘हा पाहा’ असे म्हणता येईल असा नाही. तो दुसऱ्या एका मोठ्या संगणकाच्या पोटात चालणारा आभासी संगणक आहे. सूचीच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती बसवावयाची वेळ येते. काही बिघडल्यास मागे येता यावे म्हणून व्यवस्थापक आधी आभासी संगणकाचा ‘स्नॅपशॉट’ घेतो. नवी आवृत्ती नीट चालू लागते आणि स्नॅपशॉटचा सर्वांना विसर पडतो. आठ महिन्यांनी मोठ्या संगणकाची डिस्क भरत येते. जागा मोकळी करण्यासाठी फाइली तपासताना एक भली मोठी फाइल दिसते. तिच्यात आठ महिन्यांत एका अक्षराचाही बदल झालेला नाही. जुनी व निरुपयोगी समजून ती काढून टाकली जाते. पुढच्या खेपेस आभासी संगणक सुरू करावयास जावे तो कळून येते की, ग्रंथालयाची सूचीच नाहीशी झाली आहे.

हा प्रसंग कल्पित आहे, पण त्यातील चूक नित्य घडणारी आहे. तिचे कारण निष्काळजीपणात शोधण्यापेक्षा एका शब्दात शोधणे योग्य होईल. ‘स्नॅपशॉट’ म्हणजे झटकन टिपलेले छायाचित्र. छायाचित्र एकदा काढले की ते स्वतंत्र असते. ज्याचे ते आहे तो माणूस गावाला गेला तरी ते पुसट होत नाही. डिस्कचा स्नॅपशॉट असा स्वतंत्र नसतो. तो काय असतो, आणि त्याच्यावर किती विसंबावे, हे समजण्यासाठी आभासी संगणकाची डिस्क कशी बनते येथपासून सुरुवात करावी लागेल.

फाइलमधील डिस्क

एका खऱ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास निर्माण करावा, ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात संगणक अतिशय महाग होते आणि एका यंत्राचा उपयोग अनेकांना करून देणे भाग होते. अमेरिकेतील केम्ब्रिज येथील आय. बी. एम. च्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीपी-४०’ नावाची प्रणाली तयार केली; ती १९६७ च्या जानेवारीत प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यामागून ‘सीपी-६७’ आली आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर झाली. या परंपरेत प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुढे एक संपूर्ण संगणक आहे असे वाटे. डिस्कची व्यवस्थाही तशीच होती. खऱ्या डिस्कवरील लागोपाठचा एक पट्टा तोडून एकेका वापरकर्त्याच्या नावे लावीत, आणि त्याला ‘मिनिडिस्क’ म्हणत. वापरकर्त्याच्या दृष्टीने ती लहानशी, पण पूर्ण डिस्क होती.

पुढे वैयक्तिक संगणक स्वस्त झाले आणि ही विद्या काही काळ मागे पडली. १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ‘डिस्को’ या प्रायोगिक प्रणालीद्वारे तिला पुन्हा पुढे आणले. त्यांच्यापैकी काहींनी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हीएमवेअर’ या कंपनीत भाग घेतला, आणि १९९९ मध्ये साध्या टेबलावरील संगणकावरही आभासी संगणक चालू लागले. २००३ मध्ये फाब्रीस बेलार या फ्रेंच आज्ञावलीकाराने ‘क्यूएमू’ ही सर्वांना खुली असलेली प्रणाली प्रसिद्ध केली. यापुढील विवेचनात ज्या खऱ्या संगणकावर सारे चालते त्याला ‘यजमान’ आणि त्याच्या आश्रयाने चालणाऱ्या आभासी संगणकाला ‘पाहुणा’ असे म्हणू.

आधुनिक पद्धतीत पाहुण्याची डिस्क ही बहुधा यजमानाच्या डिस्कवरील एक फाइल असते. हिलाच डिस्कची प्रतिमा म्हणतात. पाहुण्याला वाटते की आपण डिस्कच्या अमुक क्रमांकाच्या खणात लिहिले. प्रत्यक्षात यजमान ते अक्षर फाइलमध्ये योग्य त्या जागी नेऊन ठेवतो. सर्वांत साधा प्रकार म्हणजे ‘कच्ची’ प्रतिमा. तीत पाहुण्याच्या डिस्कवरील प्रत्येक खणाची जागा फाइलमध्ये त्याच क्रमाने असते. तिच्यात कोष्टक नाही, सूची नाही. त्यामुळे ती वेगवान असते, पण स्वतःविषयी तिला काहीच सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमा स्वतःबरोबर कोष्टके बाळगतात. व्हीएमवेअरची ‘व्हीएमडीके’, ‘व्हर्च्युअलबॉक्स’ची ‘व्हीडीआय’, मायक्रोसॉफ्टची ‘व्हीएचडी’ व २०१२ पासूनची तिची सुधारलेली आवृत्ती ‘व्हीएचडीएक्स’, आणि क्यूएमूची ‘क्यूकाऊ-२’ ही त्यांची प्रचलित उदाहरणे होत. उदाहरणादाखल क्यूकाऊ-२ ची रचना पाहू. ती डिस्कचे सामान्यतः ६४ किलोबाइटांचे समान गट पाडते आणि प्रत्येक गट फाइलमध्ये कोठे आहे याची ८ बाइटांची नोंद ठेवते. अशा ८,१९२ नोंदींचे एक कोष्टक होते आणि ते ५१२ मेगाबाइट डिस्कचा हिशेब सांभाळते. म्हणजे १०० गिगाबाइटांच्या डिस्कला २०० कोष्टके पुरतात आणि त्या सर्वांची मिळून जागा अवघी साडेबारा मेगाबाइट होते. या कोष्टकांच्या वर त्यांचा पत्ता सांगणारे आणखी एक कोष्टक असते. शब्दकोशात आधी अक्षर आणि मग शब्द शोधावा, तसा हा दोन पायऱ्यांचा शोध आहे.

या कोष्टकांमुळे एक मोठी सोय होते. ज्या गटात पाहुण्याने अद्याप काहीच लिहिलेले नाही, त्याला फाइलमध्ये जागा देण्याचे कारण उरत नाही. १०० गिगाबाइटांची म्हणून दिलेली डिस्क प्रारंभी काही किलोबाइटांची असू शकते आणि वापराबरोबर वाढत जाते. तथापि या सोयीत पहिला धोकाही दडलेला आहे. ५०० गिगाबाइट जागा असलेला यजमान दहा पाहुण्यांना प्रत्येकी १०० गिगाबाइटांची डिस्क देऊ शकतो. एकूण वचन १,००० गिगाबाइटांचे आणि शिल्लक त्याच्या निम्मी, अशी ही स्थिती होय. सर्व पाहुणे एकदम मागावयास आले की यजमान अडचणीत येतो. शिवाय पाहुण्याने आपल्या बाजूने एखादी फाइल पुसली तरी यजमानाला ते आपोआप कळत नाही. ‘ही जागा आता नको’ असा संकेत पाहुण्याने पाठविण्याची आणि यजमानाने तो मानण्याची व्यवस्था मुद्दाम करून ठेवावी लागते. एरवी प्रतिमा फुगते ती फुगलेलीच राहते.

नकाशावरील पारदर्शक कागद

आता स्नॅपशॉटकडे वळू. एखाद्या भूमापकाच्या टेबलावर गावाचा मोठा नकाशा पसरलेला आहे अशी कल्पना करावी. नकाशा चौकटींत विभागलेला आहे. आजवर भूमापक फेरबदल नकाशावरच खोडून लिहीत असे. आज तो ठरवितो की, यापुढे मूळ नकाशाला हात लावावयाचा नाही. तो त्यावर एक कोरा पारदर्शक कागद पसरतो आणि नवे बदल त्या कागदावर लिहू लागतो. वरून पाहणाऱ्याला ज्या चौकटीत कागदावर काही लिहिले आहे ती चौकट नवी दिसते. जेथे कागद कोरा आहे तेथे खालचा नकाशाच दिसतो.

स्नॅपशॉट म्हणजे मूळ नकाशाला हात न लावण्याचा हा निर्णय. त्या क्षणी कोणत्याही मजकुराची नक्कल केली जात नाही. म्हणूनच १०० गिगाबाइटांच्या डिस्कचाही स्नॅपशॉट एकदोन सेकंदांत होतो. डिस्कची जुनी फाइल केवळ वाचनापुरती राखली जाते, तिच्यावर नवी रिकामी फाइल येते, आणि पुढचे सर्व लेखन नव्या फाइलमध्ये होते. नव्या फाइलच्या माथ्यावर ‘माझ्या खाली अमुक नावाची फाइल आहे’ एवढी नोंद असते. दुसरा स्नॅपशॉट घेतला की कागदावर आणखी एक कागद येतो. अशा रीतीने फाइलींची साखळी तयार होते.

आरंभीच्या प्रसंगातील चूक आता उघड होईल. आठ महिने न बदललेली ती मोठी फाइल हाच मूळ नकाशा होता. ती बदलली नाही, कारण तिने बदलू नये असे स्नॅपशॉटनेच ठरविले होते. जुन्या तारखेमुळे ती टाकाऊ वाटली, पण वरच्या लहान फाइलमध्ये केवळ आठ महिन्यांतील बदललेल्या चौकटी होत्या. खालचा नकाशा काढून घेतल्यावर हाती राहिला तो विरळ खुणा असलेला पारदर्शक कागद. त्यावरून गाव ओळखणे शक्य नव्हते.

क्यूकाऊ-२ मध्ये आणखी एक रीत आहे. तीत वेगळी फाइल निर्माण न होता एकाच फाइलमध्ये कोष्टकांची दुसरी प्रत ठेवली जाते, आणि प्रत्येक गटाचा किती कोष्टके उपयोग करतात याची मोजणी ठेवली जाते. एकाहून अधिक कोष्टके ज्या गटाकडे बोट दाखवितात तो गट खोडावयाचा नाही. त्यात लिहावयाचे झाल्यास त्याची नक्कल करून नकलेत लिहावयाचे. तत्त्व तेच, मांडणी तेवढी निराळी. या अंतर्गत रीतीत साखळी तुटण्याचे भय नाही, पण फाइल एकच असल्याने तिला इजा झाली तर सर्वच अवस्था एकदम जातात.

थरांची किंमत

थर घालणे जवळजवळ फुकट असले, तरी ते बाळगणे फुकट नसते. पाहुण्याने ४ किलोबाइट एवढाच मजकूर बदलला तरी, तो ज्या ६४ किलोबाइटांच्या गटात आहे तो संपूर्ण गट पहिल्या वेळी खालून वर आणावा लागतो. वाचतानाही वरच्या थरात न सापडलेला गट त्याच्या खालच्या थरात, तेथे नसल्यास त्याच्याही खाली, असा शोधत जावे लागते. साखळी जितकी लांब, तितका हा खटाटोप अधिक.

जागेचा हिशेब तर अधिकच गाफील ठेवणारा आहे. वरचा थर प्रारंभी रिकामा असतो, पण कालांतराने पाहुणा डिस्कचा प्रत्येक खण एकदा तरी नव्याने लिहू शकतो, आणि तेव्हा तो थर मूळ डिस्कएवढा होतो. १०० गिगाबाइटांच्या डिस्कचे तीन स्नॅपशॉट घेतले तर चार फाइली होतात आणि त्यांची कमाल मागणी ४०० गिगाबाइटांपर्यंत जाऊ शकते. व्हीएमवेअरच्या मार्गदर्शक सूचनांत एका साखळीत ३२ स्नॅपशॉट घेता येत असले, तरी प्रत्यक्षात दोन-तीनच ठेवावेत आणि एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक काळ वापरू नये, असा सल्ला दिलेला आहे, तो याच कारणासाठी.

परतण्याचे तीन अर्थ

स्नॅपशॉटचे काम संपले की तो ‘काढावा’ असे म्हणतात. या एका क्रियापदात तीन अगदी भिन्न कृती सामावल्या आहेत आणि त्यांची गल्लत फार महाग पडते.

पहिली कृती म्हणजे मागे जाणे. वरचा कागद फाडून टाकला की मूळ नकाशा जसाच्या तसा दिसू लागतो. नवी आवृत्ती बिघडली असेल तर हेच हवे असते. परंतु त्या कागदावर दरम्यानच्या सर्व नोंदी होत्या, हे विसरून चालत नाही. ग्रंथालयाने स्नॅपशॉटनंतर तीन दिवस देवघेव चालू ठेवली असेल, तर मागे जाताच त्या तीन दिवसांत कोणी कोणते पुस्तक नेले हे संगणकाला माहीत नसेल. पुस्तके मात्र वाचकांच्या घरीच असतील.

दुसरी कृती म्हणजे विलीन करणे. वरच्या कागदावरील खुणा मूळ नकाशावर उतरवून घ्यावयाच्या आणि मग कागद दूर करावयाचा. व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘स्नॅपशॉट काढा’ ही आज्ञा दिली असता बहुधा हेच घडते. क्यूएमूच्या साधनात या कृतीला ‘कमिट’ म्हणतात. यात मजकूर प्रत्यक्ष हलवावा लागतो, म्हणून आठ महिन्यांचा थर विलीन होण्यास तासन्‌तास लागू शकतात. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. एकाच मूळ नकाशावर दोन निरनिराळे कागद पसरून दोन पाहुणे चालविले असतील, तर त्यांपैकी एकाच्या खुणा मूळ नकाशावर उतरविताच दुसऱ्याचा आधार बदलतो आणि त्याची डिस्क विस्कळीत होते. ज्या प्रतिमेवर एकाहून अधिक थर उभे आहेत तिच्यात काहीही लिहू नये.

तिसरी कृती म्हणजे यजमानावर जाऊन एखादी फाइल पुसणे. हिचा स्नॅपशॉटच्या व्यवस्थेशी काहीच संबंध नसतो, कारण व्यवस्थेला ती कळतच नाही. आरंभीच्या प्रसंगात हीच कृती घडली होती. मूळ फाइलचे नाव बदलणे किंवा ती दुसऱ्या जागी हलविणे, याचाही परिणाम तात्पुरता तसाच होतो. वरच्या थराला आपला आधार सापडत नाही. फरक इतकाच की, या दुसऱ्या बाबतीत आधाराचा पत्ता दुरुस्त करण्याची सोय असते, आणि मजकूर शाबूत असतो.

मागे गेलेला संगणक आणि पुढे गेलेले जग

मागे जाण्याच्या कृतीत आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. संगणक मागे जातो, पण ज्यांच्याशी तो बोलत होता ते संगणक पुढेच असतात. २००५ मध्ये टाल गारफिंकेल आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी एका निबंधात या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. संगणकाचा काळ सरळ रेषेत पुढे जातो असे गृहीत धरूनच सुरक्षिततेच्या बहुतेक पद्धती रचलेल्या असतात, आणि स्नॅपशॉट नेमके ते गृहीतक मोडतो.

याचे परिचित उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’चे. मोठ्या कार्यालयांत कर्मचाऱ्यांची नावे व परवलीचे शब्द सांभाळणारे अनेक संगणक असतात आणि ते आपल्याकडील बदलांना चढते क्रमांक देऊन एकमेकांना कळवितात. त्यांपैकी एक स्नॅपशॉटवरून मागे नेला की तो वापरून झालेलेच क्रमांक नव्या बदलांना देऊ लागतो. बाकीचे संगणक म्हणतात, ‘हे क्रमांक आमच्याकडे पोहोचले आहेत’, आणि नवे बदल मागतच नाहीत. कोठेही धोक्याची सूचना न येता त्यांच्या वह्या परस्परांशी विसंगत होत जातात. २०१२ च्या विंडोज सर्व्हरमध्ये पाहुण्याला आपण मागे नेलो गेलो आहोत हे ओळखता यावे, यासाठी एक विशेष खूण आणण्यात आली.

दुसरे उदाहरण गुप्तलेखनाचे. गुप्त संदेशवहनासाठी संगणकाला दर वेळी नवे, कोणालाही अंदाज न करता येणारे अंक लागतात. २०१० मध्ये टॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी दाखवून दिले की, स्मृतीसह घेतलेल्या एकाच स्नॅपशॉटवरून पाहुणा दोनदा चालू केला तर तो तेच अंक पुन्हा वापरू शकतो आणि गुप्तता धोक्यात येते.

क्षण कोणता पकडावा

स्नॅपशॉट कोणत्या क्षणी घेतला हेही महत्त्वाचे असते. चालू संगणक आपले सर्व लेखन तत्काळ डिस्कवर उतरवीत नाही. काही मजकूर स्मृतीतच थांबलेला असतो. अशा वेळी केवळ डिस्कचा स्नॅपशॉट घेणे म्हणजे विजेची तार अचानक उपटल्यानंतर डिस्क जशी राहील तशी ती पकडणे होय. आजच्या फाइल-व्यवस्था आणि विदागारे असा धक्का बहुधा सोसतात, पण ‘बहुधा’ या शब्दावर ग्रंथालयाची सूची सोपविणे शहाणपणाचे नाही. यासाठी पाहुण्याच्या आत एक साहाय्यक आज्ञावली बसवितात. यजमानाने सूचना देताच ती अपुरे लेखन पूर्ण करविते, क्षणभर नवे लेखन रोखून धरते आणि स्नॅपशॉट झाल्यावर पुन्हा वाट मोकळी करते. लिनक्समध्ये फाइल-व्यवस्था अशी ‘गोठविण्या’ची सोय आहे, विंडोजमध्ये त्यासाठी स्वतंत्र सेवा आहे.

राखीव प्रत कशाला म्हणावे

इतक्या विवेचनानंतर मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. स्नॅपशॉट आपल्या आधारावर अवलंबून असतो, त्याच डिस्कवर राहतो आणि त्या डिस्कबरोबरच नष्ट होतो. राखीव प्रत तीच, जी मूळ वस्तू संपूर्ण नष्ट झाली तरी एकट्याने उभी राहू शकते. ती वेगळ्या उपकरणावर आणि शक्य तर वेगळ्या इमारतीत असावयास हवी. आणि ती खरोखर उभी राहते की नाही हे मधूनमधून प्रत्यक्ष चालवून पाहिलेले असावयास हवे.

अर्थात स्नॅपशॉट निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. राखीव प्रत घेण्याच्या कामी तो उत्तम साहाय्यक ठरतो. पाहुणा चालू असताना स्नॅपशॉट घ्यावा. खालची फाइल आता स्थिर आहे, तेव्हा तिची निवांतपणे नक्कल करून घ्यावी. आणि नक्कल पुरी होताच थर विलीन करून टाकावा. साखळी असल्यास क्यूएमूचे ‘कन्व्हर्ट’ हे साधन तिचे सर्व थर एकत्र वाचून एकच स्वतंत्र प्रतिमा तयार करून देते. नक्कल झाल्यावर ‘चेक’ या आज्ञेने क्यूकाऊ-२ ची कोष्टके सुसंगत आहेत की नाहीत हेही तपासता येते.

दैनंदिन कामाचे चार नियम यातून आपोआप निघतात. कोणतीही प्रतिमा-फाइल पुसण्यापूर्वी, हलविण्यापूर्वी किंवा तिचे नाव बदलण्यापूर्वी संपूर्ण साखळीची यादी मागवून पाहावी. प्रत्येक स्नॅपशॉटच्या नावात तो कोणत्या कामासाठी घेतला व कोणत्या तारखेपर्यंत ठेवावयाचा हे लिहावे. पाहुणा चालू असताना त्याच्या प्रतिमेत बाहेरून बदल करू नये. क्यूएमूच्या माहितीपत्रकातही अशा कृतीने प्रतिमा नष्ट होऊ शकते असा स्पष्ट इशारा आहे, आणि २०१७ पासून ती प्रणाली वापरात असलेल्या फाइलींना कुलूप घालू लागली आहे. मात्र हे कुलूप यजमानावरील पुसण्याच्या आज्ञेला अडवीत नाही. चौथा नियम असा की, मोकळ्या जागेवर लक्ष ठेवावे आणि डिस्क भरण्याची वाट न पाहता थर विलीन करावेत, कारण विलीन करण्याच्या कामालाही काही मोकळी जागा लागू शकते.

आपल्या ग्रंथालयाच्या व्यवस्थापकाने नवी आवृत्ती नीट चालते असे पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी थर विलीन केला असता, तर आठ महिन्यांनी पुसण्याजोगी ‘जुनी’ फाइल तेथे राहिलीच नसती. आणि सूचीची एक स्वतंत्र प्रत दुसऱ्या इमारतीत असती, तर फाइल पुसल्यानंतरही फार तर एका दिवसाच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या असत्या. चाळीस हजार ग्रंथ कपाटांत आहेतच. पण ते पुन्हा एकेक करून हाती घ्यावयाचे आणि सूची नव्याने लिहावयाची, हे काम पुरे होण्यास किती महिने लागतील, हे ज्यांनी ग्रंथालयात काम केले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.